वाचलेली मेल, राहिलेला उपचार

मुलुंडच्या पन्नाशीतल्या एक बाई मानेवरची गाठ दाखवायला आल्या, त्याला आता काही वर्षे झाली. गाठीतला पू तपासणीस पाठवला. सीबीनॅट चाचणीत क्षयाचे जंतू सापडले, आणि ते रिफॅम्पिसिनला दाद देणारे आहेत हेही लगेच कळले. नेहमीच्या चार औषधांचा उपचार सुरू झाला. बाई मोठ्या नेमाच्या, एक गोळी चुकवली नाही. तरी तीन महिने झाले आणि गाठ जागच्या जागी. उलट शेजारी दुसरी आली.

"कल्चरचा रिपोर्ट आला का हो?" मी विचारले. सोबत आलेला मुलगा मोबाइल चाळू लागला. मेल सापडली, सात आठवड्यांपूर्वीची. जंतू आयसोनियाझिडला दाद देत नाहीत, असे तीत स्पष्ट लिहिले होते. "डॉक्टर, ही मी वाचली होती. घाटकोपरला गाडीत उभा होतो. घरी गेल्यावर तुम्हाला फोन करू म्हटलं, आणि राहूनच गेलं." पोरगा ओशाळला. त्याला मी काय बोलणार? तीच मेल माझ्याकडेही आली होती, आणि मीही ती उघडलेली होती.

बाईंना क्षयरोगतज्ज्ञांकडे पाठवले, औषधे बदलली, उपचार लांबला आणि त्या बऱ्या झाल्या. पण एक औषध लागू पडत नसताना सगळा भार उरलेल्यांवर पडला, तर जंतू त्यांनाही सरावू शकतात. ती जोखीम आम्ही सात आठवडे विनाकारण घेतली.

पूर्वी माझ्या टेबलावर लोखंडी खिळ्याचा स्टँड असे. पाहून झालेले पण काम बाकी असलेले रिपोर्ट त्यात टोचून ठेवायचे. कागद खिळ्यावर आहे तोवर डोळ्यांसमोर आहे. मेलचे तसे नाही. न उघडलेली मेल ठळक अक्षरांत दिसते. एकदा उघडली की अक्षरे साधी होतात आणि ती विजेच्या बिलाखाली, बँकेच्या जाहिरातींखाली सरकत जाते. यंत्राला 'वाचले' एवढेच कळते, 'केले' कळत नाही. काही जण मेल पुन्हा 'न वाचलेली' करून ठेवतात. मीही करीत असे. पुढच्या वेळी चुकून उघडली की ती खूण गेलीच.

त्यासाठी मेलमध्ये झेंड्याची सोय असते. आउटलुकमध्ये छोटा लाल झेंडा लावता येतो, त्याला तारीख देता येते आणि हवी तर आठवणही लावता येते. अॅपलच्या मेलमध्ये झेंड्याचे सात रंग आहेत. (मला एकच पुरतो. सात रंगांचा अर्थ लक्षात ठेवायला आणखी एक वही लागेल.) जीमेलमध्ये झेंड्याऐवजी तारा असतो, आणि तारा लावलेल्या मेल वेगळ्या यादीत एकत्र दिसतात. मात्र हा तारा आपणहून आठवण करीत नाही. त्यासाठी घड्याळाच्या चित्राचे 'स्नूझ' वापरावे, म्हणजे ठरलेल्या दिवशी मेल पुन्हा वर येते.

झेंडा रिपोर्ट वाचताक्षणी लावावा, गाडीत उभे असलात तरी. एका बोटाचे काम आहे. आणि तो काढायचा केव्हा? डॉक्टरांशी बोलणे होऊन पुढचे ठरले की मगच.

याहून महत्त्वाचे, आणि बहुतेकांच्या ध्यानात न येणारे, असे की पहिला झेंडा रिपोर्टच्या नव्हे, नमुना दिल्याच्या पावतीच्या मेलला लावावा. कारण जो रिपोर्ट आलाच नाही, त्याची मेलही नसते! लघवीच्या कल्चरला दोन-तीन दिवस लागतात. क्षयाचे कल्चर द्रव माध्यमात निगेटिव्ह म्हणायला ६ आठवडे थांबावे लागते, घन माध्यमात ८. इतक्या दिवसांत ताप उतरतो, माणूस कामाला लागतो आणि तपासणी दिली होती हेच विसरतो. काही रिपोर्ट दोन हप्त्यांत येतात, आधी प्राथमिक आणि मग अंतिम. पहिला आला म्हणून झेंडा काढू नये.

बोरिवली-अंधेरीकडच्या कित्येक घरांत आजी-आजोबांचे रिपोर्ट पुण्या-बंगळूरच्या मुलाच्या मेलवर जातात. झेंडा त्याच्या मोबाइलवर लागतो, आणि तो आजोबांना दिसत नाही, डॉक्टरांनाही नाही. तिथे फोन करण्याला पर्याय नाही. तसेच दम लागला, छातीत दुखले, ताप चढत चालला, तर मेलची वाट पाहत बसू नये, दवाखाना गाठावा.

झेंडे थोडे असावेत. साठ मेलना लावले तर एकाकडेही लक्ष जात नाही. मी शनिवारी दुपारी दवाखाना बंद करण्याआधी यादी उघडतो. गेल्या शनिवारी चार होते. तीन फोन करून काढले. चौथी एका बायोप्सीची पावती होती, दहा दिवसांची जुनी, आणि रिपोर्ट आलेला नव्हता. लॅबला फोन लावला, तर त्यांच्या नोंदीत मेलचा पत्ता एका अक्षराने चुकलेला निघाला.