तीन तासांचा महाराष्ट्र

वर्षाचे तास ८,७६०. त्यातले जेमतेम तीन तास अलांग महाराष्ट्रात टेकली.

अलांग म्हणजे अमूर ससाण्याची एक कोवळी मादी. नोव्हेंबर २०२५ मध्ये मणिपूरच्या तामेंगलाँग जिल्ह्यात भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिच्या पाठीवर उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारं इवलंसं यंत्र बांधलं. तिच्याबरोबर आणखी दोघं होती, अपापांग आणि आहू. अलांगने एक रात्र तेलंगणात काढली, महाराष्ट्रात तीन तास दम खाल्ला आणि मग थेट आफ्रिका गाठली. ५,६०० किलोमीटर, ६ दिवस १४ तासांत. अपापांग हा पुरता वाढलेला नर, त्याने ६,१०० किलोमीटर ६ दिवस ८ तासांत मारले. भागाकार केला तर ताशी चाळीस किलोमीटर, दिवसरात्र धरून. पुण्याच्या चांदणी चौकातून मुळशीतल्या पौडकडे निघालेल्या गाडीला रविवारी सकाळी ही सरासरी जमत नाही.

मुळशी तालुक्याला समुद्र नाही. पण ताम्हिणी घाटाच्या कड्याखाली कोकण सुरू होतं आणि तिथून सरळ रेषेत किनारा पन्नासेक किलोमीटरवर. ससाण्याच्या हिशेबात सव्वा तास. त्यामुळे नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत लोणावळा-मुळशी पट्ट्यातले पक्षीनिरीक्षक माना वर करून फिरतात. सायबेरियाचा आग्नेय कोपरा, मंगोलिया आणि ईशान्य चीन इथे वाढलेले हे पक्षी हिवाळ्यासाठी दक्षिण आफ्रिकेकडे निघतात. तिकडचा उन्हाळा उपभोगून परत येईतो वर्षाची रपेट २०,००० किलोमीटरच्या पुढे जाते. सह्याद्री हा त्या वाटेवरचा एक उंबरठा, त्यापुढे पाणीच पाणी.

किती पाणी? ताम्हिणीपासून आफ्रिकेची मुख्य भूमी जिथे सर्वांत जवळ येते ते सोमालियाचं टोक सुमारे २,५०० किलोमीटरवर आहे. वाट थोडी तिरकी धरली की अंतर तीन हजारांपर्यंत जातं. चाळीसच्या वेगाने बासष्ट ते पंचाहत्तर तास. बदकाला थकवा आला तर ते पाण्यावर बसेल. ससाण्याला ती सोय नाही, तो बसला की बुडाला. आणि पक्ष्याचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. जगातला विक्रम याहून कितीतरी मोठा आहे, हे खरं. २०२२ मध्ये गॉडविट जातीच्या पाच महिन्यांच्या एका पिल्लाने अलास्का ते टास्मानिया हे १३,५६० किलोमीटरचं अंतर ११ दिवसांत एकदाही न थांबता तोडलं. पण शिकारी पक्ष्यांमध्ये समुद्रावरून इतका लांबचा पल्ला नेमाने मारणारा दुसरा नाही.

हे जमतं ते दोन गोष्टींच्या जोरावर. ईशान्य भारतात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वारुळांतून बाहेर पडणाऱ्या पंखवाल्या वाळवीवर हे ससाणे ताव मारतात आणि अंगावर चरबी चढवतात. आणि त्याच सुमाराला ईशान्य मोसमी वारे वाहू लागतात, पाठीवर थाप मारून ढकलणारे.

तिसरी गोष्ट मला या दोन्हींपेक्षा जास्त चक्रावून टाकते. पावसाळा सरताना आपल्या माळांवर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात. शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅव्हेसेन्स, वजन ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन दरवर्षी ऑक्टोबरपासून तिथे हजारो चतुर उतरताना पाहत. त्या बेटांवर गोड्या पाण्याचे साठे नाहीत, मग हे येतात कुठून आणि अंडी घालायला जातात कुठे? २००९ मध्ये त्यांनी मांडलं की हे चतुर भारतातून हवेच्या वरच्या थरातल्या वाऱ्यावर स्वार होऊन पूर्व आफ्रिकेत जातात आणि त्यांचे वंशज पुढच्या पावसाबरोबर परत येतात. जाऊनयेऊन १४,००० ते १८,००० किलोमीटर, तेही चार पिढ्यांत मिळून. एकाही चतुराने पूर्ण वाट पाहिलेली नसते. अमूर ससाणे याच हंगामात, याच वाऱ्यावर जातात आणि उडता उडता चतुर खातात, हा अँडरसन यांचाच तर्क. म्हणजे भर समुद्रावर एक किलोमीटर उंचीवर पंगत! एका ससाण्याच्या वजनाला पाचशेच्या आसपास चतुर लागतील.

आता याच पक्ष्याची दुसरी मोजदाद. २०१२ मध्ये नागालँडच्या वोखा जिल्ह्यात, दोयांग धरणाच्या जलाशयाभोवती, जाळी लावून हे ससाणे मारले जात असल्याचं जगासमोर आलं. अंदाज होता दिवसाला १२,००० ते १४,००० आणि हंगामात सव्वा लाखाच्या आसपास. पुढच्याच वर्षी, पांगटी आणि आसपासच्या गावांनी ठरवल्यावर, आकडा शून्यावर आला. लोक बदलायला पिढ्या लागतात म्हणणाऱ्यांनी ही दोन वर्षं शेजारी ठेवून पाहावीत. धरणाखाली पांगटीच्या शेतजमिनी गेल्या होत्या, हे मात्र त्या कौतुकात विसरलं जातं. मुळशीकराला ते वेगळं सांगायला नको. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांचा सत्याग्रह १९२१ चा, आणि टाटांचं ते धरण तरीही झालं.

आता पुन्हा ससाण्याकडे. लाखांच्या संख्येने देश ओलांडणारा हा पक्षी मुळशीत ‘दुर्मीळ’ कसा? एक कच्चा हिशेब मांडून पाहू. समजा, एक लाख ससाणे सह्याद्रीच्या ५०० किलोमीटर लांबीवरून, पंधरा दिवसांत, समान विखरून गेले. दर किलोमीटरला २०० पक्षी. चांगली दुर्बीण घेतलेल्या माणसाला डावी-उजवीकडची मिळून दोन किलोमीटरची पट्टी दिसते असं धरलं, तर त्याच्या वाट्याला आले ४००. पंधरा दिवसांचे तास ३६०. तासाला एक ससाणा, थोडा जास्तच. त्यातला निम्मा वेळ रात्र. उरलेल्यातले बरेच एवढ्या उंचीवरून जातात की डोळ्याला ठिपकाही लागत नाही. शिवाय विखरून कोण जातं? हे थव्याने जातात, म्हणून चार डिसेंबर कोरडे जातात आणि पाचव्याला एका सकाळी विजेच्या तारेवर रांग लागते. दुर्मीळ असते ती आपली हजेरी.

तारेवर बसलेला दिसला तर नर ओळखायला सोपा. पाटीसारखा करडा, मांड्या आणि शेपटीखालचा भाग विटकरी, उडाला की पंखाच्या आतल्या बाजूला पांढरं. मादी फसवते: पोट पांढरट, त्यावर काळसर फराटे, आणि मुळशीत सगळा हिवाळा मुक्काम ठोकणाऱ्या खरुची या दुसऱ्या जातीच्या ससाण्याशी नवख्याची हमखास गल्लत होते. अशा वेळी पाय पाहावेत. खरुचीचे पिवळे, अमूरचे नारिंगी-लाल.