जुनी मशीद, लाल देऊळ आणि काळा घोडा : महाराष्ट्रातील सिनेगॉगचा मागोवा

कोकणातले बेने इस्राएल ज्यू शनिवार हा विश्रांतीचा दिवस मानून तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. शतकानुशतके ते अलिबाग, पेण, पनवेल परिसरात राहिले. पण त्यांच्या पहिल्या ज्ञात सिनेगॉगसाठी, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळासाठी, 1796 साल उजाडावे लागले. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत मांडवी भागात तो उभारला. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्याची कृतज्ञता त्यामागे होती, असे परंपरा सांगते. त्याचे नाव ‘शार हाराहमीम’, म्हणजे दयेचे द्वार. आजची इमारत 1860 ची आहे.

लोकांनी मात्र तिला ‘जुनी मशीद’ म्हटले. मूर्ती नसलेल्या प्रार्थनास्थळासाठी ओळखीचा शब्द तोच होता. पुढे मतभेदांतून वेगळा निघालेला दुसरा सिनेगॉग साहजिकच ‘नवी मशीद’ झाला.

नाव उसने, बाहेरचे रूपही उसने. आतली मांडणी मात्र पक्की. प्रार्थना जेरुसलेमकडे तोंड करून व्हायची, म्हणून महाराष्ट्रात हेखाल, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवण्याचे कपाट, पश्चिमेच्या भिंतीशी येते. तोरा वाचण्यासाठी दालनाच्या मध्यभागी लाकडी कठड्याचा चौथरा असतो. त्याला तेबा म्हणतात. हेखालासमोर अखंड दिवा, छतापासून लोंबणाऱ्या काचेच्या हंड्या, वर स्त्रियांसाठी सज्जा आणि एलियाहू संदेष्ट्यासाठी राखलेली खुर्ची. सुंता याच खुर्चीजवळ होते. कोकणातल्या या समाजाची एलियाहूवर विशेष श्रद्धा आहे. रेवदंडा, अलिबाग, पनवेल आणि पेण येथे 1840 ते 1865 या काळात उभ्या राहिलेल्या सिनेगॉगमध्ये हीच मांडणी दिसते. अलिबागचा ‘मागेन आबोथ’ 1848 चा. 1910 मध्ये तो नव्याने बांधला गेला. ज्या आळीत तो आहे, तिचे नावच इस्राएल आळी. या इमारती बेताच्या उंचीच्या, घरांच्या रांगेत सहज मिसळून जाणाऱ्या आहेत आणि त्यांचे सौंदर्यही त्या साधेपणातच आहे.

याउलट, बगदादहून आलेल्या ससून या ज्यू घराण्याकडे पैसा होता आणि त्यांची बांधकामे दुरून नजरेत भरतात. डेव्हिड ससून यांनी भायखळ्यात ‘मागेन डेव्हिड’ बांधला. त्याचे उंच खांब आणि घड्याळाचा मनोरा युरोपीय चर्चची आठवण करून देतात. पुण्याच्या कॅम्पातील ‘ओहेल डेव्हिड’ 1867 मध्ये पूर्ण झाला. लाल विटांचे गॉथिक बांधकाम, टोकदार कमानी, सुमारे 90 फुटांचा मनोरा. पुणेकरांनी त्याला ‘लाल देऊळ’ म्हटले. मुंबईने ज्या धर्माच्या वास्तूला मशीद म्हटले, त्याच धर्माच्या वास्तूला पुण्याने देऊळ म्हटले, हे मराठी समाजाच्या मोकळेपणाचे फार हृद्य उदाहरण आहे. 1864 मध्ये पुण्यात निधन पावलेले डेव्हिड ससून याच आवारात चिरविश्रांती घेत आहेत.

या सर्वांत देखणा म्हणावा तो मुंबईतील काळा घोडा येथील ‘केनेसेथ एलियाहू’. डेव्हिड यांचे नातू जेकब ससून यांनी वडिलांच्या स्मरणार्थ 1884 मध्ये तो बांधवला. प्रार्थनेचे दालन वरच्या मजल्यावर आहे. हेखालाच्या वर रंगीत काचांची मोठी खिडकी असून, ती पश्चिमेला असल्याने उतरत्या उन्हात दालनात रंगांची पखरण होते. माणसांच्या प्रतिमा वर्ज्य असल्याने सारी कलाकुसर नक्षी, रंग आणि प्रकाश यांतूनच साधलेली आहे. अनेक वर्षे निळ्या रंगाने ओळखल्या गेलेल्या या वास्तूचे जतनकार्य 2019 मध्ये पूर्ण झाले.

विसाव्या शतकात आणखी काही सिनेगॉग उभे राहिले. 1948 मध्ये इस्राएलची स्थापना झाल्यावर तिकडे स्थलांतर वाढले आणि कोकणातली वस्ती विरळ होत गेली. सामूहिक प्रार्थनेसाठी परंपरेने दहा प्रौढ पुरुष हजर असावे लागतात. लहान गावांत ही संख्या जुळवणे कठीण झाले, तसे तिथले सिनेगॉग मुख्यतः सणांच्या दिवशी भरू लागले.