नाडीचं गणित

मनगटावर बोटं ठेवा. १५ सेकंदांतले ठोके मोजा आणि चारनं गुणा. चाळीसगावच्या आमच्या वर्गात बहुतेकांचं उत्तर ८० ते १०० आलं. तुमचं?

प्रत्येक ठोक्याआधी हृदयात विजेची बारीकशी लहर उठते. ईसीजीच्या कागदावर ती उमटते. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. दोन उंच टोकांत २० मिलिमीटर अंतर असलं, तर ०.८ सेकंद, म्हणजे मिनिटाला ७५ ठोके! संगणक हेच गणित क्षणात करतो, ठोक्यांची लय बिघडली तर तेही सांगतो.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं हातात मावेल असं टेली-ईसीजी यंत्र बनवलंय. खेड्यातल्या रुग्णाचा आलेख मोबाइलवरून दूरच्या डॉक्टरांना दिसतो.

पण त्यासाठी रुग्ण वेळेत पोचायला हवा ना? आजोबांच्या छातीत कळ आली आणि ते म्हणाले, "गॅस असेल," तर ऐकू नका. मोठ्यांना हाक मारा, लगेच दवाखाना गाठा!