फोन रूट करावा का?

जुना फोन अडखळू लागला की घरातला मुलगा म्हणतो, "अब्बू, रूट करून घेऊ, नव्यासारखा चालेल." उल्हासनगरच्या कॅम्पांत, अंबरनाथ-बदलापूरला स्टेशनजवळ मोबाइल दुरुस्तीची दुकाने आहेतच. पण दुकानात जाण्याआधी आपण हे नीट समजून घेऊ.

रूट करणे म्हणजे अँड्रॉइडच्या मुळापर्यंतचा ताबा आपल्या हाती घेणे. कंपनीने टाकलेली नको असलेली ॲप्स मग समूळ काढता येतात. मात्र त्यासाठी बहुधा बूटलोडर उघडावा लागतो आणि तो उघडताना फोनमधले सारे पुसले जाते. सॅमसंगच्या नॉक्स असलेल्या फोनमध्ये तर सिक्युअर फोल्डर कायमचे बंद होते. बँकेची व यूपीआयची अनेक ॲप्स रूट केलेल्या फोनवर चालत नाहीत. एखाद्या फसव्या ॲपला तोच ताबा मिळाला, तर ओटीपीही त्याच्या हाती जाऊ शकतो.

बरेचदा रूटची गरजच नसते. जागा व्हॉट्सॲपच्या व्हिडिओंनी अडवलेली असते. नको असलेली बरीच ॲप्स सेटिंग्जमधूनच बंद करता येतात.

आमचे मत असे, की ज्या फोनवर अम्मीच्या पेन्शनचा ओटीपी येतो, ज्यात बहिणींचे फोटो आहेत, तो फोन एकट्याचा नाही. त्यात घराची अमानत आहे. तो रूट करू नये. मुलाला शिकण्याची हौस असेल, तर सिमकार्ड काढलेला, बँकेचे ॲप नसलेला जुना फोन त्याला द्यावा. त्यातले फोटो आणि नंबर तेवढे आधी दुसरीकडे उतरवून ठेवावेत.