पॅकेट फोडण्याआधीचा हिशेब

«पॅकमध्ये 42 चौकोन आहेत, म्हणजे पलंगभर क्विल्ट होणारच.» हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. मोडासारख्या अमेरिकी कंपन्या नव्या कलेक्शनमधलं कापड ठरलेल्या मापात कापून विकतात: चार्म पॅकमध्ये 5 इंचांचे चौकोन, लेअर केकमध्ये 10 इंचांचे, जेली रोलमध्ये अडीच इंच रुंदीच्या लांब पट्ट्या. मापं खरी असतात, पण ती शिवण्याआधीची. दोन्ही कडांना पाव-पाव इंच शिलाईत गेला की 5 इंचांचा चौकोन साडेचार इंचांचा उरतो. असे 42 चौकोन 6 बाय 7 मांडले, तर हाती येतं 27 बाय साडेएकतीस इंच. तान्ह्या बाळापुरतं.

तेवढेच चौकोन लेअर केकचे असतील, तर 57 बाय साडेसहासष्ट इंच होतात. सोफ्यावर बसून पांघरायला छान. तुकडा जितका लहान, तितकं शिलाईत जास्त कापड जातं: 10 इंचांच्या चौकोनाचं जवळपास 10 टक्के, 5 इंचांच्या चौकोनाचं 19 टक्के. म्हणून लेअर केकच्या चौकोनाचे चार तुकडे करायचे असतील, तर माप पुन्हा काढावं.

रंग आधीच जुळवलेले असतात, मग विचार कशाला, असंही वाटतं. रंग जुळतात हे खरं, पण डिझाइन उठून दिसतं ते फिक्या-गडद छटांमुळे, आणि पुष्कळ कलेक्शनमध्ये मधल्या छटांचीच गर्दी असते. सगळे तुकडे पसरून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. सगळं एकसारखं करडं दिसलं, तर तारे-त्रिकोणांचं नाजूक काम त्यात हरवणार. अशा वेळी पांढरं किंवा गडद साधं कापड वेगळं घ्या. त्याने क्विल्टचा आकारही वाढतो.

नवं कापड आधी धुवावं, हा आपल्याकडचा शहाणा नियम इथे मात्र लावू नका. गोधडीतलं जुनं लुगडं वर्षानुवर्षं धुऊन आटून गेलेलं असतं. हे तुकडे कोरे असतात. मशीनमध्ये टाकले तर दोरे सुटतात, पट्ट्यांचा गुंता होतो आणि आटल्यावर माप बिघडतं. धुवायचं ते पूर्ण शिवून झाल्यावर, थंड पाण्यात.

कडेचे करवतीसारखे दाते छाटायचे नसतात. माप कुठे दात्याच्या टोकापर्यंत धरलेलं असतं, कुठे खाचेपर्यंत. पट्टीने एकदा तपासा. मग चार्म पॅकचे दोन चौकोन जोडून, इस्त्री फिरवून मोजा: लांबी साडेनऊ इंच भरली, तर शिलाई बरोबर आहे.

आणि पॅकेटमध्ये आख्खी क्विल्ट नसते. बॅटिंग (मधला मऊ थर), मागचं कापड, कडेची पट्टी हे सगळं वेगळं घ्यावं लागतं. मागचं कापड चारही बाजूंनी 4 इंच जास्त ठेवतात. म्हणजे वरच्या लेअर केक क्विल्टला 65 बाय साडेचौऱ्याहत्तर इंच. क्विल्टिंगच्या कापडाचा पन्हा साधारण 42 इंचांचा, त्यामुळे जोड द्यावाच लागतो. जोड उभा दिला तर 149 इंच, म्हणजे चार वारांहून जास्त कापड लागतं. आडवा दिला तर 130 इंचांत भागतं.