पावशाची ओळख

उन्हाळा तापू लागला की भारतातील आमराया आणि पानझडीची राने एका तीन स्वरांच्या हाकेने दुमदुमू लागतात. मराठी शेतकऱ्याला तीत 'पेरते व्हा' असे शब्द ऐकू येतात, हिंदी भाषिकाला 'पी कहाँ', तर बंगाली माणसाला 'चोख गेलो', म्हणजे 'डोळे गेले'. ओळीने पाच-सहा वेळा, दर खेपेस अधिक चढ्या पट्टीत उठणारी ही हाक एकाएकी तुटते आणि थोड्या वेळाने पुन्हा खालच्या पट्टीत सुरू होते. ढगाळ दिवशी आणि चांदण्या रात्रीही ती चालूच असते. पावशाची सर्वांत खात्रीची खूण हीच होय.

थंडीत मात्र हा पक्षी बहुधा मुका असतो आणि निरीक्षकाची खरी कसोटी तेव्हा लागते. कबुतराएवढ्या आकाराचा, राखी पाठीचा आणि शेपटीवर आडवे पट्टे असलेला पावशा प्रथमदर्शनी शिक्राच वाटतो. थोडे पंख मारून मग तरंगत जाण्याची त्याची ढबही शिक्र्याचीच. लहान पक्षीसुद्धा त्याला पाहून कलकलाट करतात. अशा वेळी दुर्बिणीतून चोच व पाय पाहावेत. शिक्र्याची चोच आकडीसारखी वाकलेली आणि नखे अणकुचीदार असतात. पावशाची चोच त्यामानाने सडपातळ असते, डोळ्यांभोवती पिवळे कडे असते आणि पायाची दोन बोटे पुढे, तर दोन मागे वळलेली असतात. तो शिकारी नव्हे. सुरवंट आणि इतर कीटक हे त्याचे मुख्य खाद्य.

पावशा स्वतः घरटे बांधीत नाही. मादी आपले अंडे बहुधा सातभाईंच्या घरट्यात घालते. चातकही हेच करतो. या तिन्ही पक्ष्यांची अंडी निळी असतात, त्यामुळे केवळ रंगावरून परके अंडे ओळखणे कठीण. त्यासाठी फांद्या बाजूला सारून घरट्यात डोकावणे तर सर्वथा अनिष्ट होय. सातभाई घरटे सोडून जाण्याचा संभव असतो आणि उघडे पडलेले घरटे कावळ्यांच्या नजरेस येते.

त्यापेक्षा काही आठवडे धीर धरावा. घरट्याबाहेर पडलेले पिल्लू भुकेने ओरडत सातभाईंच्या मागे हिंडते. शेपटीवर पट्टे असलेल्या, आपल्याहून मोठ्या पिल्लाच्या चोचीत सातभाई किडा भरवीत असल्याचे दिसले, की ते पावशाचे, हे निश्चित समजावे. चातकाच्या पिल्लाच्या शेपटीवर असे पट्टे नसतात. इतका निर्णायक पुरावा दुरूनच, कोणत्याही घरट्याला धक्का न लावता मिळतो.