मुलांचे दात सरळ करायचे, तर वय गाठा

आंब्याच्या कलमाला काठीचा आधार द्यायचा तो रोप कोवळे असतानाच, हे शेतकरी बंधूंना सांगायला नको. मुलांच्या दातांचेही तसेच आहे. पण आपल्याकडे वेडेवाकडे दात बहुधा आठवतात ते स्थळे बघायला लागल्यावर!

कायमचे दात साधारण सहाव्या वर्षापासून येऊ लागतात. म्हणून सातव्या-आठव्या वर्षी मूल एकदा दंतवैद्याला दाखवावे. लगेच तार लावतातच असे नाही. पण अंगठा चोखण्याची सवय किंवा दुधाची दाढ किडून लवकर काढल्याने गेलेली जागा वेळीच लक्षात येते.

कोणता उपाय केव्हा?

काढ-घालीची प्लेट : एखाददुसरा दात थोडा कलला असेल तर.

जबड्याची प्लेट : खालचा जबडा मागे राहिला असेल तर. साधारण दहा ते चौदा हे वय. मुलींना थोडे आधी. हाड वाढते आहे तोवरच हिचा उपयोग. वय टळले आणि फरक मोठा असला, तर शस्त्रक्रियेची पाळी येते.

धातूची तार : दातांची गर्दी, फटी, फिरलेले दात यांसाठी. मजबूत आणि त्यातल्या त्यात स्वस्त. बहुधा दीड-दोन वर्षे लागतात. दर चार ते सहा आठवड्यांनी दाखवावे लागते.

दाताच्या रंगाची तार : काम तेच, दिसते कमी, पण महाग.

पारदर्शक साचे : किरकोळ ते मध्यम दोषांसाठी. दिवसाचे वीस-बावीस तास घालावे लागतात. आळस केला तर पैसे वाया.

मोठ्या माणसांनाही तार लावता येते; हिरड्या मात्र निरोगी हव्यात.

तार असताना ऊस दाताने सोलू नये, चिक्की-सुपारी टाळावी, पेरू बारीक फोडी करून खावा. जेवणानंतर ब्रश हवाच, नाहीतर तारेखाली दात किडतात. तार काढल्यावर दिलेली प्लेट डॉक्टर सांगतील तोवर वापरावी. नाहीतर दात पुन्हा जागा सोडतात.

कोनकरांना कामोठे आणि खारघर येथील दंत महाविद्यालये जवळची. मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. खर्च आधी विचारून घ्यावा.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडी आणि शासकीय शाळांत मुलांना तपासते. सरपंच, ग्रामसेवक व शिक्षकांनी त्या दिवसाची दवंडी आधी द्यावी. पालकांनीही त्या दिवशी मूल घरी ठेवू नये आणि दातांबद्दल आवर्जून विचारावे.